काउंटी जेलमधले मृत्यू : दर तासाची फेरी खरंच होते का?

रात्रपाळी (धागाकर्ती)

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. मी नर्स आहे. टेक्ससमधल्या एका काउंटी जेलच्या दवाखान्यात साडेतीन वर्षं रात्रपाळी केली. ती नोकरी सोडून आता दोन वर्षं झाली. कुठली काउंटी ते लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

आपल्या मराठी मंडळींत जेलचा विषय निघाला की "आपला काय संबंध" म्हणून तिथेच संपतो. माझंही वेगळं नव्हतं. घरापासून पंधरा मिनिटांवर, पगार बरा, मुलं शाळेत असताना झोप काढता येईल, एवढाच हिशेब करून मी ती नोकरी धरली होती.

सुरुवात बुकिंग डेस्कपासून करते, कारण माझ्या मते निम्मं मरण-जगणं तिथेच ठरतं. पोलिसांच्या गाडीतून माणूस आणला की पट्टा, बुटाच्या नाड्या, फोन, पाकीट काढून घेतात. फोटो, बोटांचे ठसे. मग एक फॉर्म, जो टेक्ससच्या प्रत्येक काउंटी जेलमध्ये भरावाच लागतो. जीव द्यावासा वाटतोय का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का, कुठली औषधं चालू आहेत, दारू किती पिता, शेवटची कधी घेतली. प्रश्न विचारपूर्वक काढलेले आहेत. पण विचारणारा जेलर पंचविशीच्या आतला, त्याच्यासमोर आणखी तीन जण ताटकळलेले, होल्डिंग सेलमधून कुणीतरी दारावर लाथा मारतंय आणि ज्याला विचारायचं त्याच्या शेजारी त्याला पकडून आणणारा पोलीस उभा. अशा जागी कोण मनातलं सांगेल? तरीही लोक सांगतात. हे मला तिथे गेल्यावरच कळलं. माणसं खरं सांगतात, "हो"च्या चौकोनात खूण होते आणि तो कागद फाइलमध्ये जाऊन पडतो.

सँड्रा ब्लँडचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. २८ वर्षांची, नवीन नोकरीसाठी इलिनॉयहून टेक्ससला आलेली. १० जुलै २०१५ ला लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून गाडी थांबवली, बाचाबाची झाली, अटक झाली. जामीन पाच हजार डॉलरचा, म्हणजे सुटण्यासाठी साधारण पाचशे भरावे लागणार होते. १३ जुलैच्या सकाळी ती वॉलर काउंटीच्या जेलमध्ये मृतावस्थेत सापडली. आत्महत्या, असा निष्कर्ष निघाला. बुकिंगच्या कागदांवर तिने आधी एकदा जीव देण्याचा प्रयत्न केल्याची नोंद होती, तरी तिच्यावर खास लक्ष ठेवलं गेलं नव्हतं. राज्याच्या जेल स्टँडर्ड्स कमिशनने नंतर जेलवर ठपका ठेवला तो दोन गोष्टींसाठी : दर तासाला समोरासमोर पाहणी केली नाही आणि कर्मचाऱ्यांना ठरलेलं प्रशिक्षण दिल्याचा पुरावा नाही.

दर तासाला समोरासमोर पाहणी. टेक्ससचा नियम एवढाच आहे. ज्याच्याबद्दल आत्महत्येची, मानसिक आजाराची किंवा मारामारीची शंका आहे त्याच्यासाठी दर अर्ध्या तासाने. यासाठी मशीन लागत नाही, डॉक्टर लागत नाही. दारापर्यंत चालत जायचं, काचेतून बघायचं, छाती हलतेय का, माणूस उत्तर देतोय का, बास.

आता माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पन्नाशीचा एक माणूस, छपरं शाकारायची कामं करणारा, दारूच्या नशेत गाडी चालवली म्हणून आणलेला. रोजची पिणारा. दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी शरीर उलटतं हे कुठल्याही नर्सला पाठ असतं. हातांना कापरं, घाम, मग भास, मग फिट. तिसऱ्या रात्री पाचच्या सुमारास मी त्या पॉडमध्ये (कोठड्यांच्या एका गटात) दुसऱ्याच कुणाची शुगर तपासायला गेले आणि जाताजाता याच्या काचेतून पाहिलं. तो बाकावर बसून चादरीवरून न दिसणारे धागे एक एक करून वेचत होता. चिमटीत धरायचा, बाजूला ठेवायचा, पुन्हा दुसरा. कपडे घामाने अंगाला चिकटलेले. मी हाक मारली तर त्याने मला त्याच्या बहिणीच्या नावाने ओ दिली. नाडी १४० च्या पुढे.

दाराबाहेर पाहणीचा कागद टांगलेला होता. ०१००, ०२००, ०३००, ०४००. चारही ओळींसमोर एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात : ओके.

तो वाचला. पाच दिवस आयसीयूत होता. मी दुसऱ्याच्या शुगरसाठी गेले नसते तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मनीषा_नाशिक

वाचून अंगावर काटा आला. एक शंका. जेल आणि प्रिझन हे तुमच्याकडे वेगवेगळे असतात का? आम्हाला दोन्ही तुरुंगच. आणि काउंटी म्हणजे जिल्हा समजायचा का?

निरंजन

मनीषाताई, मी ह्यूस्टनला फौजदारी वकिली करतो, बरीचशी ज्यांना वकील परवडत नाही अशा लोकांची. म्हणून मी उत्तर देतो.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हाच. काही तर आपल्या तालुक्याहून लहान. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं. खटला संपून मोठी शिक्षा झालेले तिथे जातात. जेल काउंटीचं. ते शेरीफ चालवतो आणि शेरीफ हा निवडून आलेला माणूस असतो. जेलमध्ये एक तर छोटी, साधारण वर्षाच्या आतली शिक्षा भोगणारे असतात, नाहीतर ज्यांचा खटला अजून उभाच राहिलेला नाही असे. कुठल्याही दिवशी देशभरातल्या जेलमध्ये साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असतात आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त जणांवर कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नसतो. वर्षाकाठी माणसं किती वेळा आत आणली गेली ते मोजलं तर आकडा सत्तर लाखांच्या वर जातो.

हे का महत्त्वाचं? कारण जेलमधला माणूस म्हणजे रस्त्यावरून थेट उचललेला माणूस. त्याच्या रक्तात आदल्या रात्रीची दारू असते, खिशातली गोळ्यांची बाटली मालाच्या पिशवीत गेलेली असते, बायकोला कळलेलं नसतं, सकाळच्या कामाची हजेरी चुकलेली असते. प्रिझनमध्ये जाईपर्यंत त्याची तपासणी झालेली असते, डोकंही थोडं थाऱ्यावर आलेलं असतं. जेलचे पहिले काही दिवस सगळ्यांत धोक्याचे. न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २०१९ मध्ये स्थानिक जेलमधले १,२०० मृत्यू मोजले. त्यात आत्महत्या ३५५. एका कारणाने झालेले इतके मृत्यू दुसऱ्या कुठल्याच कारणाचे नाहीत. नशेच्या अंमलाखाली दगावणारे बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत जातात आणि निम्म्याहून जास्त आत्महत्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात.

जामिनाचंही बघा. सँड्रा ब्लँडचा जीव पाचशे डॉलरला अडला. पैसे असलेला माणूस त्याच आरोपाखाली संध्याकाळी घरी जेवायला जातो. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीवर किरकोळ गुन्ह्यांच्या रोख जामिनाबद्दल २०१६ मध्ये खटला झाला, २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ती पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि २०१९ मध्ये काउंटीने तडजोड मान्य केली. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्णच बंद केला. असं करणारं ते पहिलं राज्य. जो माणूस आत गेलाच नाही तो आत मरत नाही. माझ्या दृष्टीने सुरक्षेचा पहिला नियम हाच.

वाटसरू७४

लेख कळकळीने लिहिला आहे, त्याबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये. आत जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधीच आजारी, व्यसनी, वर्षानुवर्षं डॉक्टरांकडे न गेलेले असतात. ते बाहेर असते तरी त्यातले काही गेलेच असते. जेल म्हणजे काही हॉस्पिटल नव्हे. आमच्यासारखे लोक प्रॉपर्टी टॅक्स भरतात, त्यातून शाळाही चालवायच्या, रस्तेही करायचे आणि प्रत्येक दारुड्यामागे एक नर्सही ठेवायची का? काउंटीने कुठवर पुरायचं?

रात्रपाळी

वाटसरू, राग नाही. हा प्रश्न मला माझ्या नवऱ्यानेही विचारला होता.

बाहेर आजारी पडलेला माणूस ९११ फिरवतो. निदान शेजारी फिरवतो. रस्त्यात पडला तर येणारा-जाणारा फिरवतो. आत दाराची किल्ली दुसऱ्याकडे, पाण्याचा नळ दुसऱ्याच्या हातात, गोळी दुसऱ्याच्या कपाटात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात सांगितलं की कोंडलेल्या माणसाच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून काणाडोळा करणं ही घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा आहे. तो खटला टेक्ससचाच. म्हणजे कैद्यावर उपचार करणं हा दयेचा भाग नाही, त्याला कोंडणाऱ्यावरची ती सक्ती आहे.

नळाचं उदाहरण उगाच दिलं नाही. मिलवॉकी काउंटी जेल, एप्रिल २०१६. टेरिल थॉमस, वय ३८, बायपोलर हा मानसिक आजार. आधीच्या कोठडीत त्याने पाणी तुंबवलं म्हणून त्याला एकांतात ठेवलं आणि त्याच्या कोठडीचं पाणी बंद केलं. बंद केल्याची नोंद कुणी केली नाही, त्यामुळे पुढच्या पाळीला माहीत नाही. सात दिवस. शरीरातलं पाणी संपून तो मेला. अमेरिकेतल्या शहरात, सरकारी इमारतीत, पाण्याविना. तो बाहेर असता तर हे झालं असतं असं तुम्हीही म्हणणार नाही.

आणि टॅक्सचं म्हणाल तर त्याच्या घरच्यांना २०१९ मध्ये पावणेसात दशलक्ष डॉलर देण्याची तडजोड झाली. सँड्रा ब्लँडच्या आईला १.९ दशलक्ष. एवढ्या रकमेत माझ्यासारख्या किती नर्सचे किती वर्षांचे पगार निघाले असते ते तुम्हीच मांडून बघा.

मिशिगनच्या मॅकॉम्ब काउंटीत २०१४ मध्ये एक ३२ वर्षांचा तरुण ट्रॅफिकचा ७७२ डॉलर दंड भरला नाही म्हणून तीस दिवसांसाठी आत गेला. डॉक्टरने लिहून दिलेली त्याची औषधं आत बंद झाली. ती औषधं एकदम तोडली की जिवावर बेततं. सोळा-सतरा दिवसांत वजन झरझर उतरलं, जमिनीवर पडून तडफडला आणि हे सगळं कॅमेऱ्यात चोवीस तास रेकॉर्ड होत होतं. कॅमेरा चालू होता, वाटसरू. कुणी बघायला हवं होतं.

तात्या_ह्यूस्टन

माझ्या शेजारी एक पोरगा राहतो, जेलमध्ये डिटेन्शन ऑफिसर, म्हणजे जेलर आहे. त्याची बाजूही कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. भला पोरगा आहे. आमच्या दाराचा बर्फ पण त्यानेच काढला होता २०२१ च्या गोठवणाऱ्या आठवड्यात.

टेक्ससचा नियम अठ्ठेचाळीस कैद्यांमागे एक ऑफिसर असा आहे. कागदावर. माणसं सोडून जातात, जागा रिकाम्या राहतात, मग जो आहे त्याला सक्तीचा ओव्हरटाइम. सोळा तास उभं राहून घरी येतो, गाडीतच झोपलेला मी त्याला पाहिलाय, ड्राइव्हवेमध्ये, इंजिन चालू. असा माणूस पहाटे तीनला काचेतून बघेल तेव्हा त्याला काय दिसणार? ह्यूस्टनच्या जेलमधली कैद्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास पोचली तेव्हा कैद्यांना दुसऱ्या काउंटीत, अगदी लुइझियानातसुद्धा पाठवावं लागलं. २०२२ मध्ये तिथे पंचविसाहून जास्त मृत्यू झाले.

खोट्या नोंदींची वकिली मी करत नाही. खोटं ते खोटंच. पण ओके लिहिणाऱ्या पोरावर केस झाली आणि त्याच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागा तशाच राहिल्या तर पुढच्या महिन्यात दुसरा पोरगा ओके लिहील.

अनघा_एस

तात्या, अगदी पटलं. मी सॅन डिएगोला असते. कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने आमच्या काउंटीच्या जेलवर फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल काढला. २००६ ते २०२० या काळात १८५ मृत्यू. राज्यातल्या मोठ्या काउंट्यांच्या तुलनेत खूपच जास्त. मी तो अहवाल बसून वाचला, कारण आमच्या मंडळातल्या एका काकूंचा मुलगा त्या काळात दोन रात्री आत होता (तो सुखरूप आहे).

त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. ऑडिटरच्या लोकांनी व्हिडिओ बघितले. फेरी झालेली आहे. माणूस प्रत्येक दारापाशी गेलेला आहे. पण काही ठिकाणी काचेवर नजर जेमतेम एक सेकंद, चालीचा वेगसुद्धा कमी केलेला नाही. आणि नंतर दार उघडलं तेव्हा आतल्या माणसाचं शरीर ताठरलेलं, म्हणजे जाऊन कित्येक तास झालेले. त्या तासांत फेऱ्या झाल्याच होत्या.

म्हणजे फक्त "दर तासाला फेरी" असा नियम पुरत नाही. फेरीत काय बघायचं, जिवंत असल्याची खूण काय धरायची, हे लिहिलेलं हवं. ऑडिटरनेही जवळपास हेच सुचवलं आहे.

शिरीष_डॅलस

पहिल्यांदाच लिहितोय इथे. माझा भाचा इथे एमएस करतो. त्याला टाइप वन डायबेटिस आहे, लहानपणापासून इन्सुलिनवर. गेल्या वर्षी जुन्या ट्रॅफिक तिकिटाचं वॉरंट निघालेलं त्याला माहीतच नव्हतं. शुक्रवारी रात्री गाडी थांबवली आणि नेला. त्याचा पंप काढून सामानात ठेवला. त्याने तीनदा सांगितलं, त्याला उत्तर मिळालं की नर्स सकाळी येईल. मला मध्यरात्री त्याच्या रूममेटचा फोन आला. मी चार तास फोन लावत होतो, प्रत्येक वेळी मेनूमध्ये अडकायचो, एक दाबा, चार दाबा. शेवटी पहाटे गाडी काढून तिथे गेलो आणि काउंटरवर उभा राहिलो, तेव्हा कुठे हालचाल झाली. शुगर ४८० होती.

हे कुणालाही घडू शकतं म्हणून सांगतो. रात्रपाळीताई, अशा वेळी नेमकं काय करायचं ते लिहाल का? त्या रात्री मला एवढंच हवं होतं.

रात्रपाळी

शिरीषदादा, तुम्ही तिथे जाऊन उभे राहिलात हे सगळ्यांत बरोबर केलंत. टाइप वनला इन्सुलिनशिवाय एक रात्रही जड जाते.

फोन लागला तर "जेल मेडिकल" किंवा "बुकिंग सार्जंट" मागा. साध्या चौकशीच्या माणसाशी बोलत राहू नका, तो दार उघडू शकत नाही. यांच्यापैकी कुणी नसेल तर त्या पाळीचा "शिफ्ट सुपरवायझर". पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्या. मग एका दमात : आजार कुठला, औषध कुठलं, किती, शेवटचा डोस केव्हा, पुढचा न मिळाल्यास काय होईल. "त्याला बरं वाटत नाहीये" असं बोलू नका, त्याचं काहीच होत नाही. "इन्सुलिन न मिळाल्यास काही तासांत कीटोअॅसिडोसिस होईल, म्हणजे रक्तात आम्ल साचून जीव जाऊ शकतो, हे मी तुम्हाला आत्ता कळवते आहे, तुमचं नाव आणि बॅज नंबर सांगा" असं बोला. नाव विचारलं की समोरचा खुर्चीत सरळ बसतो, हे मी पलीकडच्या बाजूने पाहिलेलं आहे. वेळ लिहून ठेवा. त्याच्या डॉक्टरकडून किंवा फार्मसीकडून प्रिस्क्रिप्शन फॅक्स करवून घ्या. होय, जेलमध्ये अजून फॅक्सच चालतो.

जीव द्यायची भीती असेल तर तेही याच शब्दांत सांगा. "सुसाइड रिस्क" हा शब्द वापरा. घरच्यांचा फोन आला आणि नोंद झाली की मग मला माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येत नाही.

आणि आत जे असतील त्यांनी बुकिंगला खरं सांगावं. आपली मुलं लाजेने लपवतात. दारू रोज घेत असाल तर रोज घेतो म्हणा, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर नाव सांगा. आईला कळेल ही भीती त्या रात्रीपुरती बाजूला ठेवा.

निरंजन

एक भर. भारतीय पासपोर्ट असलेल्याला अटक झाली तर व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क त्याला आहे. काही देशांच्या नागरिकांबाबत पोलिसांनी न विचारता कळवावंच लागतं, त्या यादीत भारत नाही. आपण मागितलं तरच कळवतात. मुलांना हे घरून सांगून ठेवा.

कोयनाकाठ

मी महाराष्ट्रात कारागृहाच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. धागा दोनदा वाचला. मनीषाताईंनी जेल आणि प्रिझनचा फरक विचारला, त्यावरून इकडचं थोडं.

ज्यांना तुम्ही खटला न चाललेले म्हणता त्यांना आम्ही कच्चे कैदी म्हणतो. भारतातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चेच. बराकी भरून वाहतात, डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, ते सगळं तुमच्यासारखंच किंवा वाईट. पण एका बाबतीत आमच्याकडे कागद तरी कडक आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९३ मध्येच सांगून ठेवलं की कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत आयोगाला कळवायचा. आणि २००५ च्या दुरुस्तीने कोठडीत कुणी दगावलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी बंधनकारक झाली. ती वेळेवर होतेच असं नाही. माझ्या नोकरीत काही चौकश्या वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या पाहिल्या. पण नातेवाईक बोट ठेवू शकेल असं एक कलम असतं.

तुमच्याकडे मृत्यूची चौकशी कोण करतं? त्याच शेरीफचे लोक?

निरंजन

कोयनाकाठ, तुम्ही नेमका दुखरा भाग दाबलात.

कितीतरी ठिकाणी, हो, तेच लोक. टेक्ससमध्ये सँड्रा ब्लँडनंतर २०१७ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला आणि आता जेलमधल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या पोलीस यंत्रणेनेच करायचा असतो. शिवाय राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे तीस दिवसांत अहवाल पाठवावा लागतो. पण मूळ विधेयकात रस्त्यावर गाडी थांबवण्याबद्दल, किरकोळ गुन्ह्यात अटक करण्याबद्दल जे होतं ते गाळलं गेलं, म्हणजे ती जेलपर्यंत पोचली त्या वाटेबद्दल कायदा गप्प आहे.

देशपातळीवर तर मोजणंच ढासळलं आहे. कोठडीतले मृत्यू केंद्राला कळवण्याचा कायदा २००० चा, नव्याने केलेला २०१३ चा. मोजणी आधी सांख्यिकी विभाग नीट करत होता. नव्या कायद्यानंतर ते काम न्याय खात्याच्या दुसऱ्या शाखेकडे गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटच्या उपसमितीने सांगितलं की २०२१ च्या आर्थिक वर्षात किमान ९९० मृत्यू नोंदीतून सुटले. वृत्तसंस्था रॉयटर्सच्या पत्रकारांनी पाचशेहून जास्त जेलकडे एकेक अर्ज करून २००८ ते २०१९ मधले ७,५७१ मृत्यू जमवले. त्यातले किमान ४,९९८ जण गुन्हा शाबीत न होता मेले. पत्रकारांनी जमवले तेव्हा लोकांना कुठल्या जेलमध्ये किती ते नावानिशी कळलं. सरकार ते जेलवार छापत नव्हतं.

अनघा_एस

४,९९८ हा आकडा वाचून मी उठून पाणी प्यायले.

वाटसरू७४

मी वर जे लिहिलं त्याबद्दल दोन दिवस विचार केला. जेल म्हणजे हॉस्पिटल नव्हे हे माझं मत अजूनही आहे, पण त्याचा अर्थ आजारी माणसाला आत घ्यायलाच नको असा होतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बुकिंगलाच हॉस्पिटलमध्ये पाठवता येतं का?

रात्रपाळी

येतं. माझ्या काउंटीत नर्स "हा आत घेण्यासारखा नाही" असं म्हणू शकत होती आणि मग पकडून आणणाऱ्या पोलिसाला त्याला आधी इमर्जन्सी रूमला न्यावं लागायचं. पोलिसांना ते आवडत नाही, त्यांची पाळी तिथेच बसून संपते. मी साडेतीन वर्षांत कितीतरी जण परत पाठवले आणि दर वेळी नजरा झेलल्या. ज्या जेलमध्ये रात्री नर्सच नसते तिथे हे म्हणायला कुणी नसतं. सँड्रा ब्लँड कायद्याने चोवीस तास वैद्यकीय माणूस निदान व्हिडिओ कॉलवर हवा असं केलं, मोठी सुधारणा आहे ती. जेलरना मानसिक आजाराचं आठ तासांचं प्रशिक्षणही आलं.

आणि सेन्सर आले. दाराशेजारी बटण, फेरीला आलेल्याने त्याला काठी टेकवायची, वेळ आपोआप नोंदली जाते. छोट्या जेलसाठी राज्याने वेगळा निधी ठेवला. आमच्याकडे ते बसले तेव्हा खरंच फरक पडला, एका बसणीत चार तासांचं ओके लिहिणं थांबलं. पण अनघाने लिहिलेला तो एक सेकंद सेन्सरला कळत नाही. काठी टेकली, माणूस पुढे गेला. आत श्वास चालू आहे की नाही हे बघायला मान वळवावीच लागते.

आणखी एक. टेक्ससमध्ये निदान १९७५ पासून जेल तपासणारं कमिशन आहे. कुठलं जेल नापास झालं ते त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. बऱ्याच राज्यांत असं बाहेरून येऊन तपासणारं कुणी नाहीच. स्वतःहून मानांकन घ्यायचं तर घ्या, नाहीतर नका. तुम्ही जिथे राहता तिथे कोण तपासतं, एवढं तरी शोधा.

शिरीष_डॅलस

आणि नापास झालेलं दिसलं तर पुढे काय? कुणाला विचारायचं?

रात्रपाळी

जेल शेरीफ चालवतो पण पैसे कमिशनर्स कोर्ट मंजूर करतं. नावात कोर्ट असलं तरी ते काउंटीचं मंडळ आहे, चार कमिशनर आणि काउंटी जज. त्यांच्या बैठकीत सामान्य माणसाला नाव नोंदवून तीन मिनिटं बोलता येतं. मी नोकरी सोडल्यावर दोनदा गेले. पहिल्यांदा कागद हातात थरथरत होता. दोनच गोष्टी विचारल्या : रात्रपाळीला नर्सच्या किती जागा मंजूर आहेत आणि त्यातल्या आज किती भरलेल्या आहेत. दुसऱ्या वेळेला एका कमिशनरने आकडा लेखी मागवला. तीन मंजूर, एक भरलेली. बजेटची पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे, मी जाणार आहे. त्या काउंटीतली दोन मराठी कुटुंबं येतो म्हणाली आहेत.

मनीषा_नाशिक

ताई, तो ओके लिहिणारा जेलर... त्याचं काय झालं? सांगायचं नसेल तर राहू द्या.

रात्रपाळी

सांगते. बावीस वर्षांचा होता. त्या रात्री तो दोन पॉड एकटा सांभाळत होता आणि त्याचा तो सोळावा तास होता, हे मला नंतर कळलं. अॅम्ब्युलन्स गेल्यावर तो माझ्या दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि विचारलं, "मी काचेतून काय बघायला हवं होतं?" मी त्याला हात पुढे करायला सांगितले, बोटं फाकवायला सांगितली आणि कापरं कसं दिसतं ते माझ्या हाताने करून दाखवलं. आठ तासांच्या प्रशिक्षणात त्याला हे कुणी दाखवलं नव्हतं.

त्यानंतर तो फेरीला दारावर बोटाने टकटक करायचा आणि आतून काहीतरी आवाज येईपर्यंत थांबायचा. बाकीचे कैदी झोपमोड होते म्हणून त्याच्यावर ओरडायचे. सात महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.